वसईचीं जुनीं ख्रिस्तमंदिरें

आमच्या भिवंडीचें नांव काढलें, कीं ऐकणाराच्या कानांत यंत्रमागांची खडखड सुरू होते. ‘तुमच्या गांवाजवळ पाहण्यासारखें काय आहे हो?’ असा प्रश्न पाहुणेमंडळी नेहमी विचारतात, आणि मीहि इतकीं वर्षें त्यांस ठराविक उत्तर देत आलों : जवळच लोनाडचें जुनें शिवालय आहे, उत्तरेस वज्रेश्वरीचें देऊळ व ऊन पाण्याचीं कुंडें आहेत, आणि अंमळ दूर जाण्याची तयारी असेल, तर शके ९८२ मधील अंबरनाथाचें देवालय आहे. पश्चिमेकडील वसईचें नांव मात्र मीं कधीं घेतलें नाहीं. ज्या किल्ल्याच्या विजयाची कथा वर्गांत मीं दर वर्षीं मोठ्या अभिमानानें सांगितली, तो किल्ला दोन तासांच्या वाटेवर असून मीं स्वतः पाहिला नव्हता, ही गोष्ट शिक्षकास भूषणावह नव्हे. पण त्याला एक कारण होतें, आणि तें सांगितल्यावांचून पुढील प्रवासवर्णनास अर्थ येणार नाहीं.

माझें आजोळ वाईचें. सुटींत आम्ही मुलें कृष्णेंत डुंबून झालें, कीं नदीकांठानें मेणवलीस जात असूं. तेथें नाना फडणवीसांच्या वाड्याखालीं घाट आहे, देवळें आहेत, आणि एका लहानशा दगडी घुमटींत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर १७०७ हा आंकडा व कडेवर मूल घेतलेल्या स्त्रीची आकृति उठविलेली आहे. माझी आजी त्या आकृतीस यशोदा व बाळकृष्ण समजून हात जोडी. आजोबा हंसून म्हणत, “अग, ती त्यांची मेरी. चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां फिरंग्यांच्या चर्चांतून आलेली घंटा ही.” यावर आजी म्हणे, “आई ती आई”, आणि पुनः हात जोडी. आजोबांचें वाक्य माझ्या मनांत ठसलें. आजीचें तेव्हां ठसलें नाहीं.

पुढें मी शिक्षक झालों. एके वर्षीं वसईचा धडा शिकवितांना रंगांत येऊन मीं मेणवलीच्या घंटेची हकीकत सांगितली आणि म्हणालों, “अशा रीतीनें आपण वसई जिंकली आणि त्यांच्या घंटा आपल्या देवळांत वाजूं लागल्या.” वर्गांत वसईकडील एक ख्रिस्ती मुलगा होता, वडिलांच्या नोकरीमुळें त्याचें बिऱ्हाड आमच्याकडे आलें होतें. तो शांतपणें उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, मग ती घंटा आमची होती ना?” मुलें हंसलीं. मला त्या क्षणीं उत्तर सुचलें नाहीं. आणि उत्तर न सुचलेला शिक्षक जें करतो तेंच मीं केलें. “खालीं बैस, धड्यांतलें विचार,” असें म्हणून मीं पुढचें पान उलटलें. तो मुलगा खालीं बसला. वर्षअखेर त्याच्या वडिलांची बदली झाली व तो गेला. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

गेल्या वर्षीं पौष महिन्यांत अचानक त्याचा फोन आला. तो आतां स्वतःच शिक्षक आहे, पन्नाशीकडे झुकला आहे. “गुरुजी, निवृत्त झालांत, आतां तरी वसईस या. किल्ला मी दाखवितों,” असें तो म्हणाला. यापुढें नाहीं म्हणणें मला शक्य नव्हतें.

भिवंडी रोड स्टेशनावर सकाळची दिव्याहून वसईकडे जाणारी गाडी पकडली. खारबाव, कामण, जूचंद्र अशीं लहान स्टेशनें घेत ती जाते. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडीचा सखल प्रदेश व मिठागरें. याच खाडीच्या अंगास आमच्या तालुक्यांतील अणजूर हें गांव आहे. पोर्तुगीजांच्या जाचानें गांजलेल्या रयतेचें गाऱ्हाणें पेशव्यांपर्यंत नेण्यांत, व साष्टीच्या मोहिमेंत वाटाड्याचें आणि सल्लागाराचें काम करण्यांत अणजूरकर नाईक घराण्यांतील गंगाजी नाईकांचा मोठा वांटा होता. तेव्हां वसईची मोहीम पुण्याहून निघाली हें खरें असलें, तरी तिचें बीज आमच्या भिवंडीच्या मातींत पडलें होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

गाडींत बसल्या बसल्या या प्रदेशांतील ख्रिस्ती धर्माविषयीं वाचलेलें आठवूं लागलों. तो धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतून प्रथम आला, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत ग्रंथ लिहिला. त्यांत ‘कल्लियाना’ या बंदरांत ख्रिस्ती लोक असून त्यांचा धर्माध्यक्ष इराणांतून नेमला जातो, असें तो सांगतो. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक पंडित मानतात. आणि ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेलीं आहेत, त्या गांवीं इराणचे व्यापारी आपला धर्म घेऊन आले असल्यास नवल नाहीं. पुढें इ. स. १३२१ मध्यें चार ख्रिस्ती साधु ठाण्यास उतरले, तेव्हां त्यांना आश्रय मिळाला तो एका नेस्टोरियन, म्हणजे याच पूर्वेकडील पंथाच्या, कुटुंबाच्या घरीं. ते चौघे तेथेंच मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस हा फ्रेंच धर्मोपदेशक दुसरीकडे गेला होता, म्हणून वांचला. त्याच्या पत्रामुळें ही हकीकत जगास कळली. म्हणजे वास्को द गामा येण्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें ठाण्यांत ख्रिस्ती घरें नांदत होतीं.

या पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेच्या ज्या निरनिराळ्या शाखा आहेत, त्यांतील कांहींस ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा पहिला अवयव ‘ऑर्थोस्’ म्हणजे सरळ, उभा. भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या ‘ऊर्ध्व’ शब्दाशीं जोडतात. दुसऱ्या अवयवाचा अर्थ मत. सारांश, ‘आम्ही मूळ मतास धरून आहों’ असें म्हणणारे ते सनातनी. मलबारांतील त्यांचीं जुनीं चर्चें पाहिलेले लोक सांगतात, कीं तीं आपणांस परकीं वाटत नाहींत : उतरतें कौलारू छप्पर, अंगणांत दगडी चौथऱ्यावर उभा क्रूस, पितळी समई, आणि आंत गाभाऱ्यापुढें पडदा. सर्वांत पवित्र जागा उघडी टाकावयाची नाहीं, ही कल्पना त्यांची व आपली एकच. मुंबईच्या कोटांत आर्मेनियन व्यापाऱ्यांनीं १७९६ सालीं सेंट पीटरचें चर्च स्थापिलें, तेंहि पूर्वेकडील सनातनी पंथाचेंच. पण कल्याण-ठाण्याच्या त्या प्राचीन इराणी मंडळीचा एक दगडहि आज उभा नाहीं. आमच्या बाजूस जुनें ख्रिस्तमंदिर पाहावयाचें, तर वसईसच गेलें पाहिजे.

वसई रोड स्टेशनावर माझा विद्यार्थी उभा होता. केंस पिकले होते, पण उभें राहण्याची ढब तीच. त्यानें वांकून नमस्कार केला. स्टेशनापासून किल्ला बराच दूर. वाटेंत वाड्या, विहिरी, केळीचीं बनें लागतात. इमारतींनीं त्यांतील पुष्कळ जागा आतां खाल्ली आहे.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें मोगलांच्या भयानें पोर्तुगीजांशीं तह करून २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई त्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतर दोनशें चार वर्षें येथें त्यांचा अंमल होता. आधीं लहान बालेकिल्ला, मग त्याच्याभोंवतीं सुमारें साडेचार किलोमीटर घेराचा तट व कोनाकृति बुरूज, आणि त्या तटाच्या आंत एक संबंध शहर. जमिनीकडील दार एक, समुद्राकडील दार एक. गोव्याखालोखाल या शहराचा दिमाख होता. फ्रान्सिस्कन, जेसुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाचें येथें आपापलें चर्च व मठ असे. आपल्याकडे एखाद्या क्षेत्रीं निरनिराळ्या संप्रदायांचे मठ असतात, तद्वत्.

आज आंत शिरतांच प्रथम जाणवते ती झाडी व शांतता. वड-पिंपळांचीं मुळें भिंतींत शिरून कमानींना विळखा घालून बसलीं आहेत. या भागाची देखभाल भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तरी दोन-अडीच शतकांच्या पावसापुढें माणसाचें काय चालणार? चर्चांच्या मुख्य दालनांवर लांकडी वासे व कौलें असत. तीं कुजून गेलीं. जेथें दगडी कमानीचें छत होतें, तेथेंच कांहीं डोक्यावर शिल्लक आहे. त्यामुळें बहुतेक चर्चांत उभें राहिल्यावर वर आकाश दिसतें.

येथें स्थापत्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. अंबरनाथचें देऊळ ज्या काळ्या पाषाणाचें, तोच पाषाण येथेंहि आहे. परंतु आमचे शिल्पी चुन्याविना दगडावर दगड रचीत, आणि वर जातांना प्रत्येक थर किंचित् पुढें काढून शेवटीं माथा मिळवीत. तेथें सर्व भार सरळ खालीं येतो. पोर्तुगीजांची रीत निराळी. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळांत लावावयाचे. खालीं लांकडाचा तात्पुरता आधार द्यावयाचा. मधला शेवटचा दगड ठोकून बसविला, कीं आधार काढून घ्यावयाचा. मग प्रत्येक दगड पडूं पाहतो आणि शेजाऱ्यास दाबून धरतो; सर्वच पडूं पाहतात म्हणून कोणीच पडत नाहीं. तो भार बाजूस रेटतो, म्हणून या चर्चांच्या भिंती इतक्या जाड. भिंतीचा गाभा ओबडधोबड दगडांचा व चुन्याचा, वरून गिलावा; आणि द्वारें, खांब, कमानींच्या कडा तेवढ्या घडीव दगडाच्या. आराखडा युरोपचा असला, तरी छिन्नी-हातोडा धरणारे हात इथल्याच पाथरवटांचे असले पाहिजेत. वसईचा हा दगड गोव्यापर्यंत गेला. तेथील बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून नेलेला आहे.

प्रथम आम्ही सेंट जोसेफचें चर्च पाहिलें. हें येथील मुख्य चर्च. मूळ बांधणी १५४६ ची. द्वारावरील शिलालेखांत १६०१ हें साल असून आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळांत त्याचा जीर्णोद्धार झाल्याचें कोरलें आहे. हें नांव वाचतांच मी थबकलों. याच मेनेझिसनीं दोनच वर्षें आधीं, १५९९ सालीं, केरळांत उदयंपेरूर येथें धर्मसभा भरवून तेथील प्राचीन पूर्वपंथी ख्रिस्ती लोकांस रोमच्या आज्ञेखालीं आणिलें होतें. त्यांच्या जुन्या पोथ्या पाखंडी ठरवून जाळण्यांत आल्या. त्याचा राग मनांत धुमसत राहून १६५३ सालीं मट्टंचेरी येथें हजारों लोकांनीं क्रूसास दोर बांधून, तो हातीं धरून, शपथ घेतली, कीं यापुढें जेसुइटांचें शासन आम्ही मानणार नाहीं. त्यांतील ज्या शाखेनें पुढें अंतियोखियाच्या धर्मगुरूशीं संबंध जोडला, तीच आजच्या मलबारी ऑर्थोडॉक्स मंडळींचें मूळ. एका धर्माच्या लोकांनींहि एकमेकांच्या पोथ्या जाळाव्या, हें वाचून संस्कृत शिकलेल्या माणसाचें मन कसें होतें, तें सांगावयास नको. ज्यांच्या नांवाचा दगड येथें आदरानें द्वारावर बसविला आहे, त्यांचें नांव केरळांतील कित्येक ख्रिस्ती घरांत दुःखानें घेतलें जात असे. ‘फिरंगी’ या एका शब्दांत आपण ज्यांची बोळवण करतों, त्यांच्या इतिहासांत इतके पदर आहेत!

तेथून फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चांत गेलों. आंतोनियो द पोर्तो या साधूनें १५४७ मध्यें हें कार्य सुरू केलें. वसईंतील अति जुन्या चर्चांपैकीं हें एक. रुंद कमानी, बाजूस लहान लहान उपमंदिरें, आणि जमिनीस बसविलेल्या असंख्य थडग्यांच्या शिळा. त्यांवर कुलचिन्हें व लांबलचक नांवें कोरलीं आहेत. अक्षरावर पाय पडूं द्यावयाचा नाहीं, ही लहानपणापासूनची शिकवण. मी शिळा चुकवीत वांकडातिकडा चालूं लागलों. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, येथें पुरून घेणारांची इच्छाच अशी होती, कीं प्रार्थनेस येणारांचे पाय आपल्यावरून जावे. नम्रता म्हणून.” मला पंढरपुरची नामदेवांची पायरी आठवली. तरीहि अक्षर चुकवूनच चाललों. संवय ती संवय.

जेसुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत सुबक. द्वाराच्या दोन्ही अंगांस उभ्या पन्हळी काढलेले स्तंभ, त्यांच्या शिरावर पर्णाकृति नक्षी, आणि वर त्या संघाचीं तीन अक्षरें. शेजारीं त्यांच्या विद्यालयाच्या कमानींची ओळ. येथल्याच पाद्र्यांजवळ शिकलेला गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. तो जपानांत गेला, पुढें फ्रान्सिस्कन संघांत शिरला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढविला गेला. रोमनें १८६२ सालीं त्यास संतपद दिलें. भारतांत जन्मलेला तो पहिला रोमन कॅथॉलिक संत. आपल्या कोंकणांतील मुलगा साडेचारशें वर्षांपूर्वीं जपानी भाषा शिकून तेथें बोलत होता, हें आमच्या शालेय पुस्तकांत मीं कधीं वाचलें नाहीं.

पण या शहराचें वैभव निष्कलंक नव्हतें, हेंहि लिहिलें पाहिजे. ज्या आंतोनियो द पोर्तोनें सेंट अँथनी उभारलें, त्यानेंच बोरिवलीजवळील मंडपेश्वराचें शैव लेणें ताब्यांत घेऊन त्याचें चर्च केलें. अनेक देवालयें पाडलीं गेलीं, रयतेस धर्माचरणाची बंदी झाली, आणि त्या गाऱ्हाण्यांतूनच १७३७ ची मोहीम उभी राहिली. त्याच वर्षीं ठाणें हातीं आलें. वसईस शेवटचा वेढा पडला तो १७३९ च्या फेब्रुवारींत. तीन महिने झुंज चालली. मे महिन्यांत सेंट सेबास्टियन बुरुजाखालीं सुरुंग उडाले, भगदाडावर रक्ताचा सडा पडला, आणि १६ मे रोजीं पोर्तुगीजांनीं शरणागतीचा करार केला. हजारों मराठे कामास आले. चिमाजीअप्पांनीं शत्रूस बायकामुलांसह व मानानें जाऊं दिलें, आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक करारानें दिली. हा शेवटचा मुद्दा मीं वर्गांत क्वचितच सांगितला. विजयाच्या भरांत तो राहून जाई.

त्या भगदाडाच्या जागेवरून परत आम्ही सेंट जोसेफच्या मनोऱ्यापाशीं आलों. विद्यार्थ्यानें बोट करून वरच्या मोकळ्या कमानी दाखविल्या. “घंटा अशा जागीं असत,” एवढेंच तो म्हणाला. मी वर पाहत राहिलों. कमानींत निळें आकाश, आणि दोन पारवे. वसईच्या चर्चांतील घंटा मेणवलीस आहे, भीमाशंकरास आहे, नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आहे. भीमाशंकरावरील घंटेवर १७२९ हें साल आहे, नारोशंकराच्या घंटेवर १७२१. गोदेच्या पुराचें पाणी त्या घंटेस लागलें कीं नाहीं, यावरून नाशिककर पूर मोजतात. म्हणजे दगड येथें राहिले आणि आवाज आमच्या गांवोगांवीं गेला.

त्या मनोऱ्याखालीं मीं माझें जुनें देणें फेडलें. म्हणालों, “अरे, तूं एकदां वर्गांत एक प्रश्न विचारला होतास. मीं तुला गप्प बसविलें. त्याचें उत्तर आज देतों. होय, ती घंटा तुमचीच होती.”

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग हंसून म्हणाला, “तुमच्या लक्षांत आहे तर! पण गुरुजी, मला घंटा नको होती. तुम्ही म्हणालांत, ‘आपण वसई जिंकली.’ त्या ‘आपण’मध्यें मी आहें कीं नाहीं, एवढेंच मला कळत नव्हतें. तें नीट विचारतां आलें नाहीं, म्हणून घंटेचें विचारलें.”

वाचकहो, मीं आयुष्यभर व्याकरण शिकविलें. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन सर्वनामांत काय भेद आहे, तो दर वर्षीं फळ्यावर लिहिला : ‘आम्ही’मध्यें ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्यें तो आंत येतो. आपली भाषा इतकी सूक्ष्म, कीं समोरच्यास आंत घेतलें कीं बाहेर ठेविलें, हें ती एका शब्दानें सांगते. आणि मीं त्या दिवशीं ‘आपण’ म्हणून एका मुलास बाहेर बसविलें होतें. त्यानें माझी चूक ओळखली होती. मला ती ओळखण्यास इतकीं वर्षें लागलीं.

मीं विचारलें, “मग आज काय वाटतें? आहेस कीं नाहींस?” तो म्हणाला, “आमच्या घरीं म्हातारीं माणसें सांगत, कीं आमचे पूर्वज ना वेढा घालणारे, ना आंत बसून लढणारे. ते वाडीवर पाणी शिंपीत होते. राज्य बदललें, पण केळींना पाणी घालावेंच लागलें. चिमाजीअप्पांनीं येथें राहूं दिलें म्हणून आम्ही राहिलों. आणि फिरंगी येऊन गेले म्हणून आम्ही ख्रिस्ती. दोन्ही खरें. आतां मी माझ्या वर्गांत हा धडा शिकवितों, तेव्हां दोन्ही सांगतों.” शिक्षकास शिष्याकडून पराजय इच्छावा असें आमच्याकडे म्हणतात. तो पराजय त्या दिवशीं मला लाभला, आणि तो गोड वाटला.

दुपारीं त्यानें आग्रहानें घरीं नेलें. वाटेंत पापडीचें चर्च लागलें. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचें तें मुख्य चर्च. किल्ल्यांतील भिंतींवर छत राहिलें नाहीं, पण येथें माणसें जातांयेतां दिसत होतीं. त्याच्या वृद्ध मातोश्रींनीं माझ्यासाठीं निराळ्या भांड्यांत शाकाहारी स्वयंपाक करून ठेविला होता. त्यांची घरांतील बोली कादोडी. ऐकतांना प्रथम परकी वाटते, मग शब्द ओळखीचे होत जातात. त्यांच्या समाजांत आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण अशी परंपरा सांगतात. येशूचें चरित्र फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें मराठी ओवींत लिहिलें आणि तें १६१६ सालीं गोव्याकडे छापलें गेलें, हें मी सांगूं लागलों, तर मातोश्री म्हणाल्या, “जेवा आधीं, गार होतें.” निघतांना त्यांनीं केळीच्या सोपटांत बांधलेलीं सुकेळीं हातांत ठेविलीं. “घरीं मुलांना द्या,” म्हणाल्या. कडेवर मूल घेतलेल्या मेरीची तसबीर त्यांच्या ओटीवर होती, तिच्यापुढें दिवा लागला होता. मला आजीचें वाक्य आठवलें, आणि मीं नकळत हात जोडले.

रात्रीं घरीं पोंचलों, तेव्हां नातवंडें वाट पाहत होतीं. आमचें कुटुंब एकत्र असल्यामुळें श्रोत्यांचा तोटा कधीं नसतो. सुकेळीं वांटलीं आणि हकीकत सांगूं लागलों. “आपण वसई जिंकली” हें वाक्य ओठांवर आलें, आणि मी थांबलों. मग पहिल्यापासून सुरुवात केली : कल्याणास आलेल्या इराणी व्यापाऱ्यांपासून, अणजूरच्या नाइकांपासून, जपानांत गेलेल्या वसईच्या मुलापासून, वाडीस पाणी घालणाऱ्या माणसांपासून. गोष्ट लांबली, पण कोणी उठून गेलें नाहीं.

वाचकांस एवढीच सूचना, कीं वसईस जावयाचें तर हिवाळ्यांत सकाळीं जावें, सर्व चर्चें पाहण्यास निदान चार तास ठेवावे, आणि किल्ल्यांतील वज्रेश्वरीचें व नागेश्वराचें देऊळहि पाहावें. येतांना सवड असल्यास आमच्या तालुक्यांतील वज्रेश्वरीसहि यावें. वसई मिळाली तर देवालय बांधीन, हा चिमाजीअप्पांचा नवस तेथें फेडला गेला, आणि तेथील महाद्वार किल्ल्याच्या दरवाजासारखें आहे. पुढें कधीं मेणवलीस, भीमाशंकरीं किंवा नाशिकास जाल, तेव्हां तेथील घंटा वाजविण्यापूर्वीं तिच्यावरचें साल वाचावें, आणि बरोबरच्या मुलांनीं ती कोणाची म्हणून विचारलें, तर त्यांस गप्प बसवूं नये.